पुढची रास

मरायच्या आदल्या रात्री आई म्हणाली, "मला घरी जायचंय."
ती घरातच होती. चाळीस वर्षं त्याच खोलीत,
त्याच पलंगावर, जिथं आम्ही सगळे जन्मलो.
बहिणीला वाटलं, तापात बरळते आहे.
मी काहीच बोललो नाही. कंदिलाची वात खाली केली.

चर्चचं आवार माळापलीकडे होतं.
ग्राउहेदी : नऊ कोस, झाड नाही, कुंपण नाही,
आणि त्या दिवशी आभाळही नव्हतं,
नुसतं धुकं, मेंढीच्या ओल्या लोकरीसारखं
तोंडावर येऊन चिकटणारं.
निघालो चौघे : मी, मेव्हणा थोर्गिल्स,
शेजारचा म्हातारा इस्लेवुर, आणि करडी घोडी,
जिला आईनंच बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं.
मागे घसरगाडीवर आई. तिला धरलं तर पाच.

या माळावर रस्ता नाही. राशी आहेत,
माणसाच्या छातीएवढ्या, दगडावर दगड.
कुणी पहिली रचली, कुणालाच ठाऊक नाही.
एकीपाशी उभं राहिलं की दुसरी दिसते.
तिसरी दिसत नाही. तशी सोयच नाही.

लहानपणी ईस्टरला आईबरोबर चालताना
मी रडकुंडीला यायचो, "चर्च कुठाय? दिसत का नाही?"
"चर्च कशाला दिसायला हवं?" ती म्हणायची.
"ती रास दिसते ना? तिथवर चल. मग बोल."
पाद्रीबाबा वेदीवरून सांगत, प्रभूच वाट आहे.
आई मान डोलवायची. परतताना मात्र
ॲप्रनच्या खिशातून ओढ्यातला दगड काढून
ढासळत्या राशीवर ठेवायची.
वाट त्याची, मान्य. पण दगड काही
आपण होऊन चढत नाहीत.

तेविसावी रास सापडली. चोविसावी नाही.
धुकं इतकं, की घोडीचे कानही
असतील असं समजून चालायचं.
थोर्गिल्स म्हणाला, मागे फिरू.
तेव्हा इस्लेवुर, ज्यानं
दोन्ही मुलांची होडी परतली नाही त्या वर्षापासून
चर्चचा उंबरा ओलांडला नव्हता,
राशीला पाठ टेकून उभा राहिला.
"मी इथं थांबतो. ओरडत राहतो.
माझा आवाज येतोय तोवर तुम्ही हरवला नाहीत."

निघालो. मागून हाका.
प्रार्थना तो विसरला असावा, किंवा
विसरायचं त्यानं ठरवलं असावं.
त्यानं मुलांची नावं घेतली.
"आस्कुर! हाल्बेर्ग!" पुन्हा, पुन्हा,
आवाज फाटेपर्यंत. आणि त्या दोन
बुडालेल्या पोरांच्या नावांना धरून
आम्ही माझ्या आईला पुढं नेत होतो.

घोडीचा खूर कशावर तरी आपटला.
चोविसावी. गारठ्यानं उकलून आडवी पडलेली.
आता आम्ही ओरडलो, आणि तो आला,
हळूहळू, आधी खोकला, मग दाढी, मग माणूस.

रास पुन्हा रचली. बोटं बधिर झाली होती.
आईला घाई नव्हती.
शेवटचा दगड इस्लेवुरनं ठेवला,
नीट बसेना म्हणून काढला, फिरवून पुन्हा ठेवला.
देवाबद्दल अवाक्षर नाही.

पुढच्या राशीकडे चालताना मात्र
माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं,
"तिकडे, शेवटाला, धुकं असेल तर...
कुणी हाका मारत असेल का रे?"

मी काही पाद्री नाही. मेंढ्या राखतो.
पण माझ्या मागे घसरगाडी करकरत होती,
आणि मला ते ठाऊक होतं,
जसं पाय खाली टेकला की जमीन ठाऊक असते.

"आई पोचली असेल," मी म्हटलं.
"तिनं एकदा हाक घातली ना,
की शेजारच्यांच्या मेंढ्यासुद्धा यायच्या."

तो हसला की खोकला, कळलं नाही.
पंचविसावी दिसू लागली होती.